उठून गेलेल्या अक्षराची जागा

जेमुल्पो
कोंबड्याचं वर्ष, सातवा महिना, तिसरा दिवस

भावोजी,

तुम्ही घर सोडलंत त्या सकाळी मी सोयाबीनचं आंबवण मुरवायला नवा रांजण धूत होते. हिवाळाभर छताला टांगलेले सोयाबीनचे गोळे उतरवून घासून ठेवले होते. तुम्ही विहिरीवरून पाणी आणलंत आणि अर्धं अंगणात सांडलंत. तुमचे दादा चिमट्यात लाल निखारा धरून आले, रांजणात टाकला, त्यावर चमचाभर मध सोडला. धूर निघाला तसे तुम्ही मागे सरलात आणि म्हणालात, "दादा, आपलं घर टांकसाळ झालं. इथेही भट्टी."

मग मी मिठाच्या पाण्यात अंडं सोडलं. पाणी पुरेसं खारट असलं की अंडं तरंगतं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तरंगलं तर माझं, बुडालं तर दादांचं."

"कच्चं खाणार आहेस का रे?" तुमच्या दादांनी विचारलं.

"दादा, तुझ्या हातचा भात खाल्लाय मी. कच्च्या अंड्याचं काय घेऊन बसलास?"

अंडं तरंगलं. तुम्ही ते खरोखर फोडून प्यायलात.

मग कागदाचा मोजा कापून मी रांजणाच्या पोटावर चिकटवला, बोटं वर, टाच वर. तुम्ही विचारलंत, हा उलटा का? मी म्हटलं, वाईट काही आत शिरायला निघालं तर वाट चुकून मोज्यात पडावं म्हणून. तुम्ही हसलात. "वहिनी, तुमच्या राज्यात सगळंच उलटं. मोजा उलटा, अक्षरं उलटी."

अक्षरांवरून तुम्ही मला फार छळलंत. आमच्या माहेरी, नामयांगला, बायकांची साधी लिपी होती, ती मी काकूकडून सुलट शिकले. हे पत्र त्याच लिपीत आहे, त्यामुळे वाचायला आरसा शोधू नका. पण चिनी अक्षरं शिकवायला मला गुरुजी कुठले? तुमचे दादा ठसे घरी आणायचे, दिव्याजवळ तपासायचे, आणि मी शेजारी शिवत बसून बघायचे. नाणं सुलट यायचं तर ठशात अक्षर उलटं कोरावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. एक दिवस चुलीच्या राखेत काडीने मी आपल्या देशाचं नाव काढलं, जो-सॉन, मोठ्या अभिमानाने. तुम्ही जमिनीवर लोळून हसलात. तुमचे दादा मात्र वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "काही चुकलेलं नाही. हिचं लिहिणं ठसा आहे. छापलं की सुलट येईल."

एकच अक्षर माझं कधी चुकलं नाही. 'दॅ'. थोर. दोन्ही हात पसरून, पाय फाकवून उभा असलेला माणूस. तो इकडून पाहा, तिकडून पाहा, तसाच.

त्या सकाळी तुम्ही दोघं एकाच डब्यातलं जेवण घेऊन टांकसाळीत गेलात. दुपारच्या आत तुम्ही एकटे परत आलात, गाठोडं बांधलंत. मागोमाग तुमचे दादा आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. जोत्यापाशी तुम्ही जे केलंत तेही. "मला एक भाऊ होता, तो आज वारला," असं म्हणून तुम्ही डोंगराच्या वाटेला लागलात.

तुम्ही म्हणालात तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे. मेंढ्याच्या वर्षी, नवव्या महिन्याच्या विसाव्या दिवशी ते गेले. मी निरोप पाठवला, तुम्ही आला नाहीत. पहिल्या वर्षाच्या विधीला, लहान श्राद्धाला, निरोप पाठवला. आला नाहीत. आता या नवव्या महिन्यात दुसऱ्या वर्षाचं, थोर श्राद्ध. त्या दिवशी त्यांच्या आत्म्यासाठी घरात मांडलेला आसनाचा कोपरा मोडायचा, सुतक उतरायचं, आणि मग ते या घरातून कायमचे जायचे. मला मुलगा नाही. चटईवर पुढे उभं राहून पेला वाहायला त्यांच्या रक्ताचं एकच माणूस आहे, आणि ते वोन्सानला मिठाईचे साचे कोरतं.

या, एवढंच लिहिते.

चाळण्या विकणारा दॉक-बो हे पत्र आणतोय. त्याला जेवू घाला. तो तुमच्यापेक्षा कमी खातो.

तुमची वहिनी


जेमुल्पो
कोंबड्याचं वर्ष, आठवा महिना, सतरावा दिवस

भावोजी,

दॉक-बो परत आला. तुमचं उत्तर त्याने तोंडी सांगितलं, आणि बिचारा सांगताना चाळणीआड तोंड लपवत होता. मी म्हटलं, "जसं म्हणाले तसं सांग. मध घालू नकोस."

"वहिनीला म्हणावं," तो म्हणाला, "ज्याने देशाचं डोकं खरवडून काढलं, त्याच्यापुढे माझं डोकं वाकणार नाही."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी... जेवू घातलं. मासा दिला."

मासा दिलात, बरं केलंत.

आता माझं ऐका. मी तुमच्या दादांची वकिली करायला बसलेली नाही. त्यांनी खरवडलं. हे मी कुणापासून लपवत नाही. चीनच्या बादशहाचा जो माणूस आपल्या राजधानीत, हान्यांगला, बसायचा, त्याने नाणं हातात घेतलं, 'थोर जोसॉन' वाचलं आणि विचारलं, थोर तर आमचं एकच राज्य आहे, हे दुसरं कुठून आलं? वरून खाली, खालून आणखी खाली, असा तो प्रश्न उतरत उतरत टांकसाळीच्या प्रमुखापर्यंत आला, आणि प्रमुखाने तो तुमच्या दादांच्या पाटावर आणून ठेवला. त्या वर्षी नाण्यावरच्या राजघराण्याच्या सालात एक रेघ वाढायची होती, पाचशे एकचे पाचशे दोन. ती वाढवून झाली, आणि त्याच हाताने अक्षर जायचं होतं. तुम्ही प्रमुखाच्या तोंडावर कोरणी फेकलीत आणि निघालात. ते बसून राहिले.

तुम्ही एवढंच पाहिलंत. तुम्ही गेल्यावर काय झालं, ते त्यांनी तुम्हाला कळवू दिलं नाही. "त्याला राग आहे तोवर त्याचं बरं चाललंय," म्हणायचे. "राग काढून घेतला तर त्या परमुलखात त्याच्याजवळ काय उरेल?" पण आता ते नाहीत, आणि त्यांची आज्ञा मी जवळजवळ दोन वर्षं पाळली.

ज्याच्यावरून बाकीचे ठसे पाडतात त्या मूळ ठशावर अक्षर उंच असतं, तुम्हाला मी काय सांगावं. त्यांनी ते खरवडून सपाट केलं. मग प्रमुख आला, बघितलं आणि म्हणाला, "अरे ची-मुन, हे काय? पुढचा दात पडल्यासारखं दिसतंय. बाकीची अक्षरं सरकवून सारखी लाव."

तुमचे दादा म्हणाले, "बाकीची आपापल्या जागी बरी आहेत."

"मग तिथे एक फूल काढ. बोराच्या फुलासारखं, छोटंसं."

"फूल नको."

"का नको?"

"जिथून माणूस उठून गेलाय, तिथे फूल ठेवलं की तो मेला, असं होतं."

हे मला त्यांनी सांगितलं नाही. भट्टीवरच्या माणसाच्या बायकोने विहिरीवर सांगितलं. मी घरी विचारलं, "असं म्हणालात का?" तर म्हणाले, "सगळी सरकवायची म्हणजे केवढं काम. आळस केला." तुम्ही त्यांना ओळखता. ते खरं कुठे सांगतात आणि कुठे नाही, ते मलाही कधी नीट कळलं नाही. म्हणून मी तुम्हाला, ते शूर होते असं म्हणत नाही. जागा मोकळी राहिली, एवढंच म्हणते. पहिल्या भट्टीची नाणी तशीच छापून गेली. पुढे दुसऱ्या कारागिराने नवा मूळ ठसा केला, अक्षरं सारखी लावली, आणि जागा बुजली.

तुम्ही त्या सालाच्या नाण्याला हात लावत नाही, हे मला माहीत आहे. दॉक-बो सांगतो, वोन्सानच्या बाजारात तुम्ही म्हणता, मुंडकं छाटलेलं नको, मासे द्या, तांदूळ द्या. सगळ्या देशाच्या बटव्यात ते नाणं होतं भावोजी. कुणी लक्ष देऊन बघितलं नाही, आणि जो बघायला हवा होता त्याने शपथ घेतली होती.

एक नाणं मी ठेवलं आहे. पाच फुनचं, तांब्याचं. चाळणीच्या कडेत शिवून पाठवते. बघू नका हवं तर. डोळे मिटून अंगठा फिरवा. वरच्या बाजूला तुमच्या अंगठ्याला काही लागणार नाही. तेच.

परवा कापणीच्या पौर्णिमेला मी तांदळाच्या मोदकांचं ताट त्यांच्या आसनापुढे ठेवलं. बुप्यॉंगहून थोरले चुलतसासरे आले होते. ताटावरून नजर फिरवून म्हणाले, "सूनबाई, तुझा दीर येत नाही हे आता गावातल्या कुत्र्यांनाही कळलंय. थोर श्राद्धाला माझा नातू पुढे उभा करतो. मग त्यालाच दत्तक घे. घरालाही माणूस मिळेल."

घराला माणूस मिळेल म्हणाले. त्यांची नजर छताच्या तुळयांवर होती.

मी म्हटलं, "अजून महिना आहे."

तुमची वहिनी


जेमुल्पो
कोंबड्याचं वर्ष, नववा महिना, पहिला दिवस

भावोजी,

उत्तर नाही. दॉक-बो म्हणतो, तुम्ही चाळणी घेतलीत, कड उसवलीत, आणि दुकानाचं दार लावून घेतलंत. त्याला त्या दिवशी मासाही मिळाला नाही.

एक गोष्ट मी लिहिणार नव्हते. ती वाचून तुम्ही आलात तर अपराधी वाटून आलात असं होईल, आणि तुम्ही तसं यावं अशी माझी इच्छा नाही. पण न सांगता आसन मोडलं तर तुमच्याशी लबाडी होईल.

फुलाला नाही म्हटल्यावर त्यांना कोरणीच्या पाटावरून उठवलं. शिक्षा म्हणून नाही, असं प्रमुख म्हणाला, डोळ्यांना आराम म्हणून. त्यांना तेजाबाच्या हौदावर घातलं, जिथे कोऱ्या चकत्या धुऊन चकचकीत करतात. तिथली वाफ तुम्हाला माहीत आहे. आपण विहिरीवरून टांकसाळीकडे पाहायचो तेव्हा तो पिवळा धूर सगळ्यात शेवटच्या खोलीतून यायचा. दोन हिवाळे ते त्या खोलीत होते. आधी बोटांची कातडी गेली, मग खोकला आला, मग रात्री उशी उंच करावी लागली. मधे जपानी फौज बंदरात उतरली, चिनी पळाले, तो अडवणारा माणूसही गेला. टांकसाळीत पुन्हा 'थोर' कोरायचं ठरलं. प्रमुख घरी आला होता, मानाने बोलावायला. ह्यांनी हात पुढे केले. त्या हातात चमचा राहत नव्हता.

प्रमुख गेल्यावर मी चिडले. म्हटलं, "आता काय उपयोग त्या अक्षराचा? एकाने घालवलं, दुसऱ्याने आणलं. आपल्याला कुणी विचारलं?"

ते म्हणाले, "जागा कुणाची ते ठरलेलं होतं. कोण बसवतो ते वेगळं."

मला वाटलं, अक्षराबद्दल बोलतायत. ते दाराकडे बघत होते.

तेवढंच. ते चूक होते असं तुम्हाला अजूनही वाटत असेल तर वाटू द्या. तुम्ही फेकलीत तशी कोरणी त्यांनी फेकायला हवी होती, असं मलाही एखाद्या दिवशी वाटतं. मग वाटतं, दोघांनी फेकली असती तर ती जागा कुणी ठेवली असती? मला ठरवता येत नाही. पण श्राद्ध बरोबर असणाऱ्यांचंच करतात असं कुठे लिहिलंय? तसं असतं तर आपल्या देशात कुणालाच पिंड मिळाला नसता.

विसाव्याला सकाळी. चटई मी स्वतः विणली आहे.

वहिनी


जेमुल्पो
कोंबड्याचं वर्ष, नववा महिना, तेविसावा दिवस

अहो,

भावोजींना पाठवायचं पत्र आता उरलं नाही, म्हणून हे तुम्हाला. लिहून झालं की चुलीत घालीन. तुमच्यापर्यंत पोचणारं तेच टपाल आहे.

तुमच्या श्राद्धाच्या आधी दोन दिवस हान्यांगहून बातमी आली. राजा आता सम्राट झाला आणि देशाचं नाव बदललं. दॅ-हान. थोर हान. यापुढे नाण्यावर, कागदावर, सगळीकडे तेच. बंदरावर निशाणं लागली. भट्टीवरच्या माणसाची बायको धावत आली आणि म्हणाली, "नामयांगवाली, ऐकलंस का? तुझ्या नवऱ्याचं अक्षर आलं, आणि या वेळेस सगळ्यात पुढे बसलंय!" मी तिळाचं तेल गाळत होते. माझ्या हातून थोडं सांडलं. बाकी मला काही वाटलं नाही. पुष्कळ उशिरा आलेल्या पाहुण्याला बघून वाटतं तसं वाटलं. या, बसा, जेवण गार झालंय.

विसाव्याला सकाळी सगळे जमले. गुरुजींनी तुमच्या नावाचा कागद लिहिला. ज्याने कधी सरकारी हुद्दा घेतला नाही त्याला मेल्यावर 'विद्यार्थी' लिहितात, तसं तुम्हालाही लिहिलं. तुम्ही हसला असता. जन्मभर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि आता कायमचे शाळेत.

कोळंबी, नासपती, तीन रंगांच्या भाज्या, सगळं मांडून झालं. थोरल्या चुलतसासऱ्यांनी नातवाला खांद्याला धरून पुढच्या चटईकडे ढकललं. मी मधे उभी राहिले.

"सूनबाई, बाजूला हो. वेळ टळतेय."

"ती चटई ची-रोक भावोजींची आहे."

"तुझा ची-रोक कुठे आहे? दाखव. माझी नजर अधू झालीय, दिसत नाही."

"उठून गेलेत."

"मग मोकळ्या चटईला कोण वाकणार? लोक हसतील. माझ्या नातवाला सरकू दे पुढे, मागचे सगळे एकेक जागा सरकतील, झालं."

तेव्हा माझ्या तोंडून तुमचं वाक्य गेलं. मी ठरवलं नव्हतं. "बाकीचे आपापल्या जागी बरे आहेत," मी म्हटलं. "कुणाला सरकवायचं नाही."

ते खूप बोलले. मी खानदानाचं नाव बुडवतेय, उलटी अक्षरं शिकलेल्या बाईकडून आणखी काय होणार, वगैरे. मी ऐकून घेतलं. मग सगळे आपापल्या जागेवरून वाकले आणि पुढची चटई मोकळी राहिली. पेला गुरुजींनी चटईच्या बाजूला उभं राहून वाहिला. गुरुजी भला माणूस आहे, त्याने काही विचारलं नाही.

आता तो कागद जाळायचा. चुलतसासऱ्यांनी दिवटीकडे हात नेला तोच दारात दॉक-बो. धापा टाकत, पाठीवर चाळण्या वाजतायत, काखेत कापडात गुंडाळलेली फळी. माझ्या हातात दिली. नासपतीच्या लाकडाचा मिठाईचा साचा, नवाकोरा, तेल लावलेला. ओळीत गोल खळगे, आणि प्रत्येक खळग्यात एकच अक्षर. हात पसरलेला माणूस.

"निरोप काय?" मी विचारलं.

"म्हणाले, वहिनीला सांग, हे अक्षर त्यांच्या हातून चुकणार नाही."

"कुठे आहेत ते? वोन्सानला?"

दॉक-बोने डोकं खाजवलं. "ते सांगू नको म्हणाले."

"दॉक-बो."

"ओर्युगोलच्या खानावळीत, मावशी. परवापासून बसलेत. वोन्सानहून सगळा डोंगर माझ्याबरोबर चालत आले, मला दमवून मारलं. हान्यांगमध्ये लोक नाचत होते, दॅ-हान, दॅ-हान. ते ऐकल्यापासून ह्यांची चाल मंदावली. ओर्युगोलला आले आणि म्हणाले, तू पुढे जा, माझे पाय संपले."

ओर्युगोल! अर्ध्या दिवसाची वाट. मी चुलतसासऱ्यांच्या हातातून दिवटी घेतली, विझवली. म्हटलं, "कागद आज जळणार नाही. तुम्ही जेवून घ्या." आणि गवताच्या चपला घातल्या.

तुम्हाला सांगते, बाईमाणसाने सुतकाच्या कपड्यात मोठ्या रस्त्याने एवढं झपझप चालावं हे कुणी पाहिलं नसेल. एक गाडीवाला म्हणाला, "आजी, भूत मागे लागलंय का?" मी म्हटलं, "नाही, पुढे गेलंय."

भावोजी खानावळीच्या ओट्यावर बसले होते. पुढे दारूचा वाडगा, भरलेला, त्यात माशी. केस पांढरे झालेत हो त्यांचे. मला बघून उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले.

"वहिनी! तुम्ही? आज श्राद्ध सोडून?"

"श्राद्ध तुम्ही सोडलंत. मी फक्त चालत आलेय."

"दॉक-बोने निरोप दिला नाही?"

"दिला. मी निरोप न्यायला नाही आले."

ते वाडग्यातली माशी काढत बसले. मग म्हणाले, "आता कसा येऊ? चार वर्षं नाही आलो. आज देशाच्या नावात अक्षर आलं आणि आज मी आलो. लोक काय म्हणतील? राजाने हुकूम काढला तेव्हा ह्याला भाऊ आठवला. अक्षर परत आलं म्हणून हा परत आला. दादाला तरी काय वाटेल?"

"तुम्ही वोन्सानहून निघालात तेव्हा ही बातमी होती?"

"नव्हती."

"मग?"

"ते मला माहीत आहे. लोकांना कुठे माहीत आहे?"

"लोकांच्या बटव्यात चार वर्षं ती मोकळी जागा होती, ती तरी कुठे दिसली त्यांना?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तुमचं नाणं काढलं. सबंध नाणं काळपट, आणि वर एका ठिकाणी लखलखीत. तिथे अंगठा घासून घासून.

"ही काय दशा केलीत?" मी म्हटलं. "आणखी महिनाभर ठेवलं असतं तर भोक पडलं असतं."

"वहिनी, तुम्ही मला आधी का नाही कळवलंत? फुलाचं. हौदाचं."

"कळवलं असतं तर काय केलं असतंत?"

"आलो असतो. प्रमुखाची मान धरली असती."

"म्हणून नाही कळवलं. दारूच्या दुकानात बसून तुम्ही त्याचं गाणं केलं असतं, आणि ते गाणं फिरत फिरत ह्यांच्याच मानेवर बसलं असतं."

ते हसायला लागले आणि मग त्यांचं हसू भलतीकडे गेलं. त्यांनी तोंडावर हात धरला. खानावळवाली आतून बघत होती, मी तिला हातानेच सांगितलं, जा.

"मी थुंकलो होतो, वहिनी. त्याच्या पायापाशी. जोत्यावर."

"हो. मी पुसलं."

"तुम्ही..."

"जोतं मी रोज पुसते. तुमची थुंकी काही वेगळी नव्हती."

आम्ही ती रात्र खानावळवालीच्या घरात काढली, मी आत, ते बाहेर. पहाटे निघालो. वाटेत ते माझ्या मागून चालत होते. मधेच म्हणाले, "चटई अजून अंथरलेली आहे?" मी म्हटलं, चुलतसासरे तिच्यावर झोपले नसतील तर आहे.

चटई होती. चुलतसासरे रागावून बुप्यॉंगला निघून गेले होते, नातवाला घेऊन. जाताना सुकवलेले मासे मात्र नेले. भावोजींनी तोंड धुतलं, माझ्याकडून तुमची सुतकी टोपी घेतली, वडिलांच्या श्राद्धाला तुम्ही घालायचात ती, आणि चटईवर उभे राहिले. पेला वाहिला. वाकले. कपाळ चटईला लागलं आणि बराच वेळ वर आलं नाही. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनीच तुमच्या नावाचा कागद हातात धरून पेटवला, आणि तो अंगणात वर गेला तसे आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो. राख रांजणांच्या कट्ट्यावर पडली.

मग मी पाईनच्या फुलांची पिवळी भुकटी मधात मळली, नव्या साच्यात दाबली, एकेक पालथी घातली. सगळी बरोबर आली. भावोजी बाजूला उभे होते. म्हणाले, "बघा, सांगितलं होतं ना."

मी म्हटलं, "एक खळगा मोकळा का नाही ठेवलात?"

ते म्हणाले, "आता कोण बाकी आहे यायचं?"

तुमच्या आसनाचा कोपरा आम्ही संध्याकाळी मोडला. मी पांढरी ओढणी सोडली. अंगणात ते उलट्या मोज्याचे रांजण ओळीने उभे होते, आणि शेवटी तो, सापाच्या वर्षी घातलेला, ज्याच्यात तुम्ही निखारा टाकला होता आणि भावोजींनी पाणी आणलं होतं. चार वर्षं मी फक्त उन्हात त्याचं झाकण काढून ठेवलं, आणि परत लावलं. त्यातलं खाल्लं नव्हतं. भावोजी त्याच्यावरच्या मोज्याला बोट लावून म्हणाले, "हा अजून उलटाच?"

दुसऱ्या दिवशी मी तो रांजण उघडला, आणि सकाळच्या जेवणाला त्यातलं वाढलं.